धराधरांचं तांब्याचं कडं

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन वाडीत आले तेव्हा सासूबाईंनी आठवडाभरातच माझा स्वभाव ओळखला आणि दूधवाल्याशी बोलायचं काम माझ्याकडे दिलं. दुधात पाणी किती, हे मी नुसत्या धारेवरून सांगते. माणसाच्या बोलण्यात किती, हेही बहुतेक वेळा सांगते. त्यामुळे समोरच्या मनमोहन धराधराबद्दल मी जे सांगणार आहे ते कुणा भाबड्या बाईचं सांगणं समजू नका.

आमची वाडी गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला. धराधर म्हणजे पाठारे प्रभू, मूळचे मुंबईकर. एके काळी निम्मी वाडी त्यांच्या मालकीची होती म्हणे. माझ्या वेळेपर्यंत एक दुमजली घर आणि वर छोटी गच्ची एवढंच उरलं होतं. आमची चाळ त्या घराच्या बरोबर समोर, आणि आमची गॅलरी त्या गच्चीच्या समोर. म्हणजे मी मुद्दाम बघायला जात नव्हते. डोळे उघडले की धराधरच दिसायचे, त्याला मी काय करणार?

घरात माणसं तीन. मनमोहन, त्याची बायको राजलक्ष्मी आणि म्हातारे वडील शरदचंद्र. त्यांना अख्खी वाडी तात्या म्हणे. तात्या एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. वाडीत कुणी गेलं की तिरडी तेच बांधायचे. कोणता बांबू घ्यायचा, सुंभ कुठून कसा फिरवायचा, जिन्यातून उतरवताना कोणती बाजू वर धरायची, सगळं त्यांच्या हातात होतं. माझ्या सासऱ्यांची तिरडी त्यांनी बांधली, समोरच्या वाण्याच्या आईची बांधली. जातपात बघितली नाही, भांडण आड आणलं नाही. बांधून झाली की पहिला खांदाही त्यांचाच असायचा.

मनमोहन मात्र वेगळा. फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होता. संध्याकाळी घरी आला, कोट खुंटीला लावला, की गच्चीवरच्या खोलीत. त्याला एक नाद होता. वाडी त्याला 'वायरलेस' म्हणायची आणि तो स्वतः 'हॅम' म्हणायचा. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरबसल्या टकटक करून दुसऱ्या गावच्या तसल्याच माणसाशी बोलायचं. त्यात पैसे मिळत नाहीत. निरोप पोचवायला, बातम्या द्यायला तर परवान्यातच बंदी. मग बोलतात काय? तर, तुझं मला कसं ऐकू येतंय, माझं तुला कसं ऐकू येतंय. हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगला शिकलासवरलेला माणूस, रोज तासन् तास दुसऱ्याला विचारतो की माझं ऐकू येतं का. येतं म्हटल्यावर पुढे काय, ते कुणी सांगायला तयार नाही.

त्याचा जीव लांब लाटांवर होता. लाट जितकी लांब तितकी तार लांब लागते, असं तो म्हणे. म्हणून त्याच्या गच्चीपासून आमच्या चाळीच्या छपरापर्यंत त्याने एक तार ताणली होती. तिच्यावर कावळे बसत. सातच्या बातम्यांना आमच्या रेडिओत टकटक येई, तेव्हा गॅलरीगॅलरीतून ओरड होई. मग बातम्या संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही असं त्याने कबूल केलं आणि पाळलं. तोवर त्याच्याबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीने जाहीर केलं आणि गिरगावापासून परळ-लालबागपर्यंत सगळं पेटलं. गोळ्या चालल्या. आमच्या नाक्यावरचं रक्त धुवायला बायका बादल्या घेऊन उतरल्या, त्यांत मीही होते. माझा धाकटा दीर रघुवीर वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस होता, तो समितीच्या कामाला लागला. मंडळाच्या खोलीत बैठका होऊ लागल्या, मोर्चे ठरू लागले. आणि एका पहाटे पोलीस आले, मंडळाच्या बंडूसकट तीन पोरांना अंथरुणातून उचलून घेऊन गेले. कोण कुठे झोपतं ते त्यांना पाठ होतं. बंडू मामाकडे झोपायला जायचा होता आणि ऐनवेळी घरीच राहिला, तेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. म्हणजे वाडीतलंच कुणीतरी फितूर होतं.

त्या दिवसापासून वाडीत कुणी कुणाशी सरळ बोलेना. न्हाव्याकडे गप्पा बंद झाल्या. पाहुणा आला की तो गेल्यावर चौकशी व्हायची. आणि संशय असा हवेत फार दिवस राहत नाही, त्याला कुठेतरी बिऱ्हाड लागतं. तो फिरत फिरत त्या तारेवर जाऊन बसला. जो माणूस रोज संध्याकाळी टकटक करून कुणाला तरी काहीतरी कळवतो, त्याला सोडून दुसऱ्या कुणावर जाणार? मंडळाच्या बैठकांना मनमोहन येत नसे, पण त्याच्या गच्चीखालच्या ओट्यावरच पोरं उभी राहून बोलत. एका सकाळी उठून बघते तर तार कापलेली, अर्धी आमच्या पन्हळीत लोंबत होती.

मनमोहनने आरडाओरडा केला नाही. त्याने तार गुंडाळून ठेवली. चार-आठ दिवसांनी तो हातगाडीवरून तांब्याची लांबलचक नळी घेऊन आला.

झालं. माझे डोळे दिवसभर तिकडेच. नळी तांबाकाट्याच्या बाजारातून आणली होती. पुढच्या रविवारी एक तांबट आला. त्याने नळीत रेती ठासून भरली, तोंडं बंद केली आणि लाकडी चौकटीभोवती भट्टीच्या आचेवर ती हळूहळू वाकवली. रेती असल्यामुळे नळी कुठे चेपली नाही. मिळून झालं एक कडं, मनमोहनच्या डोक्याच्याही वर जाईल एवढं. आत आधाराला लाकडी दांड्यांची फुली. वरच्या बाजूला कडं जोडलेलं नव्हतं, तिथे फट सोडली होती. त्या फटीत त्याने पितळी पत्र्यांची एक चळत बसवली. पत्त्यांचे दोन जोड एकमेकांत अर्धे घुसवावेत तशी, पण एका जोडाचं पान दुसऱ्याला कुठे लागत नव्हतं. तो त्याला कंडेन्सर म्हणे. खालच्या अंगाला एक छोटं कडं, यंत्रातून वीज यायला. आणि सगळं एका खांबावर, हाताने गोल फिरवता येईल असं.

मी राजलक्ष्मीकडे विरजण मागायच्या निमित्ताने वर गेले.

"या नलूवहिनी," मनमोहन म्हणाला. "बघायचंय ना? मग विरजण नंतर न्या."

त्याने समजावून सांगितलं. लांब तार लावू देत नाहीत, मग तीच लाट या लहानशा कड्यातून बाहेर काढायची. पण कडं लहान, त्यामुळे त्यातून वीज फार जोराने फिरवावी लागते, आणि एखादा सांधा जरी कच्चा राहिला तरी सगळी वीज तिथेच गरम होऊन जाते. बाहेर काही पडतच नाही. म्हणून नळी अखंड, जोड चांदीच्या डागाने केलेले. पत्रे हलवून कडं बरोबर लाटेवर आणायचं, ते केसभर इकडेतिकडे झालं तरी मुकं होतं. मी पुढे झाले तर म्हणाला, "जवळ नको, तुमच्या नुसत्या येण्याने सूर बिघडतो. आणि वरच्या पत्र्यांना तर हात लावूच नका, चटका बसेल." मग त्याने हातात एक ट्यूबलाइट धरली, तिला ना तार ना बटण. कड्याजवळ नेली आणि यंत्राचं बटण दाबलं तशी ती भक्कन पेटली.

"आणि हे कुणाशी बोलतं?" मी विचारलं.

"काल दिवेलागणीला बेळगाव लागलं. तिथे एक दातांचे डॉक्टर आहेत."

"काय म्हणाले?"

"ढगाळ आहे म्हणाले."

आता तुम्हीच सांगा. बेळगाव कुणाचं यावरून रान पेटलंय, आणि हा माणूस घर गहाण टाकल्यासारखा तांबं विकत घेतो, तांबट बोलावतो, बिनतारेचा दिवा पेटवतो, कशासाठी? तर बेळगावात ढग आहेत का ते बघायला. मला यातलं एक अक्षर पटलं नाही. खोटंच सांगायचं तर माणूस जरा बरं खोटं सांगतो, हा विचार मात्र जिना उतरताना मनात येऊन गेला.

वाडीला तर ते कडं म्हणजे आयतंच मिळालं. मनमोहन ते रोज थोडं फिरवायचा, आणि रोज वाडी ठरवायची की आज तोंड कुठे आहे. आज कौन्सिल हॉलकडे. आज पोलीस कमिशनरकडे. त्याने एकदा रघुवीरला सांगायचा प्रयत्न केला की लाट कड्याच्या तोंडातून जात नाही, कडेच्या दिशेने जाते. तेव्हा वाडी म्हणाली, बघा, तोंड मुद्दाम भलतीकडे करतो, आपण फसावं म्हणून.

दिवाळी झाली आणि रघुवीर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"वहिनी, आता सोक्षमोक्ष लावतो. मनमोहनला एकट्याला सांगितलंय, रविवारी प्रभादेवीला देवळामागच्या मैदानात गुप्त बैठक आहे, भूमिगत पुढारी येणार आहेत म्हणून. खरं काही नाही. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. पोलीस आले तर खबर कुणी दिली ते उघडच आहे."

"आणि तो तिथे जाऊन आधी बघून आला तर?"

"मी काय कच्चा आहे का? चार बांबू पुरून ठेवतो. बाबुरावला कर्णा पण सांगितलाय, भजन आहे म्हणून."

"भावोजी, गुप्त बैठकीला कर्णा?"

"पुढारी येणार म्हटल्यावर कर्णा नको? नाहीतर पटेल तरी का कुणाला?"

आणि मलाही ते बरोबरच वाटलं. गिरगावात वाढलेल्या माणसाला कर्ण्याशिवाय सभा डोळ्यांसमोर येतच नाही. मग ती गुप्त असो नाहीतर उघड. रघुवीरने तर मंडळाचं प्रत्येक काम लाऊडस्पीकर ठरवण्यापासूनच सुरू केलेलं. बाबुराव प्रभादेवीचा, मूळचा मालवणकडचा. आमच्या गणपतीला वर्षानुवर्षं त्याचाच कर्णा असायचा.

रविवारी रघुवीर मैदानासमोरच्या हॉटेलात चहा घेत बसला. मैदानात चार बांबू होते आणि एक कर्णा. पोलिसांच्या दोन लॉऱ्या येऊन उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी मनमोहनला मंडळाच्या खोलीत बोलावलं. मी दाराबाहेर बायकांत उभी होते.

"मी कुणालाही सांगितलं नाही," तो म्हणाला. "राजलक्ष्मीलासुद्धा नाही."

"मग पोलीस आले कसे?"

"मला माहीत नाही."

या 'माहीत नाही'ने तो मेला. वाडीला सगळं चालतं, माहीत नाही चालत नाही. रघुवीरने ठरावच मांडला. मनमोहनने सगळ्यांसमोर कबूल करावं आणि कडं मोडून टाकावं, नाहीतर त्या घराशी वाडीचा संबंध संपला. बसण्या-उठण्याचा, सणासुदीचा, मयतीचासुद्धा.

"कडं मोडलं तर मी ते केलं असं होईल," मनमोहन म्हणाला. "ते मी केलेलं नाही." आणि तो उठून गेला.

मला विचाराल तर माझा संशय तेव्हा पुरा होता. पोलिसांच्या लॉऱ्या काय मैदानात हवा खायला आल्या होत्या? पण तो उठून गेला त्याचा मला रागही आला आणि कुठेतरी बरंही वाटलं. का ते सांगता येत नाही.

वाडीने शब्द पाळला. नळावर राजलक्ष्मी आली की बोलणं थांबायचं. संक्रांतीला तिच्या घरी कुणी वाण घेऊन गेलं नाही आणि तिला कुणी बोलावलं नाही. वरच्या खोलीतली टकटक मात्र चालूच होती आणि त्यामुळे लोक आणखी पेटत होते. चोर असता तर घाबरला असता, हा कुणाच्या तरी जिवावर बसलाय, असं ते म्हणत. आणि या सगळ्यात तात्या अंथरुणाला खिळले.

त्यांनी मला निरोप धाडला, रघुवीरला घेऊन ये म्हणून. वाडीचा ठराव असला तरी तात्यांचा शब्द मोडायची हिंमत माझ्यात नव्हती, रघुवीरमध्येही नव्हती. आम्ही गेलो. तात्यांचे हात पांघरुणावर होते, सुकून गेलेले. मनमोहन खिडकीपाशी उभा होता.

"रघुवीर," तात्या म्हणाले, "मला माहितेय तू काय करतोयस ते. मी त्यात पडत नाही. माझं एकच मागणं आहे. मला वाडीने न्यावं. गाडी नको, भाड्याची माणसं नकोत. मी तुमच्या घराघरातल्यांना नेलंय. मला तुम्ही न्या."

रघुवीरचे डोळे भरून आले. पण तो चिटणीस होता.

"तात्या, तुमच्यासाठी वाडी जीव देईल. पण तिघं पोरं अजून आत आहेत. त्यांच्या आया मला काय विचारतील? मनमोहनने एकदा हो म्हणू दे, बस्स. एकदा चूक कबूल केली की तो आपलाच आहे. मग सगळी वाडी खाली उतरेल."

तात्यांनी मनमोहनकडे पाहिलं. मनमोहन खिडकीबाहेर बघत राहिला. मीच आधी उठून बाहेर पडले.

पंधरा दिवसही गेले नसतील. सकाळी राजलक्ष्मीचं रडणं ऐकू आलं. एरवी असं रडणं आलं की वाडीचे जिने धडधडत वाजत. त्या दिवशी सगळे गॅलऱ्यांत येऊन उभे राहिले आणि उभेच राहिले. कुणी पायरी उतरलं नाही.

मनमोहन एकटाच बाहेर गेला आणि बांबू, सुंभ, मडकं घेऊन हातगाडीवाल्याबरोबर परत आला. हातगाडीवाला सामान टाकून निघून गेला. मनमोहन अंगणात उकिडवा बसला आणि तिरडी बांधायला लागला. त्याला येत नव्हती. ज्याच्या बापाने अर्ध्या गिरगावाच्या तिरड्या बांधल्या त्याला सुंभ कुठून फिरवायचा ते माहीत नव्हतं. आडवी कामटी बांधली की उभा बांबू सरकायचा. तो सोडायचा, पुन्हा बांधायचा. वरून आम्ही सगळे बघत होतो.

मला ते सहन होईना. संशय एका बाजूला आणि दारातलं मढं एका बाजूला, एवढं मला कळतं. मी रघुवीरला म्हटलं, "भावोजी, आजच्या दिवस तरी."

"वहिनी, मला काय हौस आहे? ठराव सगळ्यांचा आहे."

मी पदर खोचला आणि राजलक्ष्मीपाशी जायला खाली उतरले. माझ्यामागे रघुवीर ओट्यापर्यंत आला आणि थांबला. मनमोहनने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग वर, गॅलऱ्यांकडे. त्याच्या हातातला सुंभ सुटला होता.

तो उभा राहिला. "हो," तो मोठ्याने म्हणाला. "प्रभादेवीची खबर मी दिली. चुकलो. आता या."

मग जिने वाजले. बापरे, काय वाजले! जो तो धावत खाली आला. कुणी बांबू घेतला, कुणी सुंभ, कुणी पाणी तापवायला गेलं. बंडूची आई राजलक्ष्मीच्या गळ्यात पडून रडली. घटकाभरात तिरडी अशी बांधून झाली की तात्यांनीसुद्धा नाव ठेवलं नसतं. रघुवीरने मनमोहनला मिठी मारली, म्हणाला, "झालं गेलं संपलं." मी हे सगळं बघत होते आणि माझ्या मनात भलतंच येत होतं. मी आयुष्यभर लोकांची खोटी बोलणी ऐकली आहेत. चोरी केलेला माणूस हो म्हणताना आधी कारण सांगतो, मग बायकापोरांना मध्ये आणतो. याने एकही कारण सांगितलं नाही. त्याच्या त्या 'हो'मध्ये पाणी होतं.

पहिला खांदा रघुवीरने दिला. सगळी वाडी मागे चालली. चंदनवाडीच्या स्मशानाकडे वळून माणसं दिसेनाशी झाली आणि आम्ही बायका सडा टाकायला वळलो, तेवढ्यात बाबुराव धापा टाकत आला. तात्या गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं.

"गेले काय घेवन?" तो हळहळला. "माका येवक उशीर झालो. देवमाणूस होतो तो. पण वयनीनू, नाक्यावर माणसा काय बोलतत? मनमोहनान प्रभादेवीची खबर दिली? खयची खबर?"

"ती रविवारची बैठक," मी म्हटलं. "पोलीस आले ती."

"ती? अहो, ती चौकीत मीच सांगलंय."

मी बादली खाली ठेवली. "तुम्ही?"

"मगे? रघुवीरान कर्णो सांगितल्यान, मी चौकीत जावन वर्दी दिलंय. दर टायमाक देतंय. नाय दिली तर कर्णो जप्त करतत. तुमच्या गणपतीक पण देतंय. रघुवीराक म्हायत नाय काय? हवालदारान इचारल्यान, कसला भजन, कोण महाराज? मी म्हटलंय, माका काय म्हायत, गिरगावातला मंडळ आसा. गिरगावातला मंडळ म्हटल्यार ते येवचेच."

बंडूची आई सडा टाकायचं सोडून ओट्यावर बसली.

पुरुष आंघोळी करून परतले तेव्हा मी रघुवीरला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं. ओल्या पंच्यानिशी तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं वहिनी. कर्ण्याला चौकीची परवानगी लागते ते मला ठाऊक होतं. दरवर्षी बाबुरावच काढतो म्हणून डोक्यातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो मला बरोबर घेऊन धराधरांकडे गेला. मनमोहन जमिनीवर चटईवर बसला होता, सुतकातला. रघुवीरने त्याचे पाय धरायचा प्रयत्न केला. त्याने पाय मागे घेतले.

"मी सभा घेतो," रघुवीर म्हणाला. "अख्ख्या वाडीसमोर सांगतो तू निर्दोष आहेस म्हणून. चूक माझी. पाहिजे तर नाक्यावर कर्णा लावून सांगतो."

"नको."

"का नको? तुझ्या नावाला लागलेलं पुसायला नको?"

"रघुवीर, तुम्ही माझ्या त्या शब्दावर खाली उतरलात. तो खोटा होता म्हणून आता सांगितलंत, तर तात्यांना नेलं कुणी?" त्याचा आवाज अगदी साधा होता. "त्यांना वाडीने न्यायला हवं होतं. नेलंत. आता त्यात हात घालू नका. आणि तुम्हाला खरं कळलंय हे मला सांगायला यायची काही गरज नव्हती. खरं काय ते मला आधीपासून माहीत होतं."

रघुवीर रडायला लागला. मनमोहनने त्याला पाणी दिलं, पण जवळ घेतलं नाही. मला तेव्हा रघुवीरची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही मी त्याला घरी येऊन ऐकवलं.

बातमी दाबून राहिली थोडीच. आम्ही डझनभर बायकांनी ऐकलेली. पण गंमत बघा, निम्म्या वाडीला बाबुरावचं पटलंच नाही. म्हणाले, मनमोहनने स्वतः कबूल केलंय, मग हा बाबुराव मध्येच कशाला अंगावर घेतोय? याचंच चौकीत जाणंयेणं आहे. बंडूला पकडवलं तेही यानेच नसेल कशावरून? पुढच्या गणपतीला कर्णा दुसऱ्याचा लागला. बंडूची आणि त्या दोघा पोरांची खबर खरी कुणी दिली, ते आजवर कळलेलं नाही. मला माझे अंदाज आहेत. ते मी कागदावर घालणार नाही, कारण एका अंदाजाने काय होतं ते मी अंगणात बसलेलं पाहिलंय.

मनमोहनच्या कड्याला पुन्हा कुणी हात लावला नाही. उलट पतंगाचा मांजा अडकला तर पोरं विचारून काढून देत. रघुवीर येता-जाता विचारायचा, "काय, आज कुठलं गाव लागलं?" मनमोहन म्हणायचा, "लागलं एक." गावाचं नाव त्याने वाडीत पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. राजलक्ष्मी बोलायची आमच्याशी, हळदीकुंकवाला यायची. तो यायचा नाही. वाडीतल्या मयतीला मात्र यायचा, पांढरं धोतर नेसून मागून चालायचा. खांद्याला पुढे होत नसे.

राज्य मिळालं त्या दिवशी वाडी दिव्यांनी पेटली होती. रघुवीरच्या आवाजाला कर्ण्याची गरज नव्हती तरी कर्णा होता. धराधरांच्या दारातही पणत्या होत्या, राजलक्ष्मीने लावलेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कळलं की ते अँटॉप हिलच्या बाजूला जागा घेऊन चाललेत. का म्हणून कुणी विचारलं नाही.

सामान सकाळीच लॉरीने गेलं. राजलक्ष्मी माझ्या गळ्यात पडून गेली. मागे राहिलं ते कडं. लॉरीत मावत नव्हतं, म्हणून वाडीच्या तोंडाशी हातगाडी उभी केली होती. मनमोहनने वरचे पितळी पत्रे सोडवून पिशवीत घातले होते आणि दोरीने कडं गच्चीवरून अंगणात उतरवलं होतं. इतक्या वर्षांत मी ते गच्चीवरच पाहिलेलं. जमिनीवर ते केवढं तरी मोठं दिसत होतं, पावसाने काळपटलेलं.

रघुवीर पुढे झाला. त्याच्या मागे बंडू, तुरुंगातून सुटून आता बाप्या झालेला. आणखी दोघं आले. चौघांनी चार बाजूंना हात घातले.

"आम्ही नेतो," रघुवीर म्हणाला. "एवढं तरी करू दे."

मनमोहनने चौघांकडे एकेक करून बघितलं.

"नको," तो म्हणाला. "याला चौघं लागत नाहीत."

त्यांनी हात काढले. फुलीच्या आडव्या दांड्याखाली त्याने खांदा घातला, कडं उचललं, आणि ते जमिनीपासून वीतभर वर धरून तो वाडीतून चालायला लागला. वाट अरुंद, कडं रुंद. दोन्ही बाजूंची माणसं मागे सरून भिंतींना टेकली आणि तो त्यांच्यामधून निघून गेला.